वारापेटीचा चौऱ्याहत्तरावा अंक

८ जानेवारी, मंगळवार

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, रोज चार ओळी लिहीत जा उल्फर्ट्सबाई, मोकळं वाटेल. मी म्हटलं, मला कोंडल्यासारखंही वाटत नाहीये. मग काय वाटतंय, असं त्यांनी विचारलं. काही नाही, म्हटलं. त्यांनी तेच कागदावर लिहून घेतलं आणि झोपेच्या गोळ्या दिल्या. झोप मला उत्तम लागते. ते सांगायचं राहिलं.

तर या चार ओळी. माझा नवरा हाबो जाऊन आठ आठवडे होत आले. आज स्वयंपाकघरातला दिवा बदलला. आता उजेड जास्त आहे, त्यामुळे फरशी घाण दिसते.

११ जानेवारी, शुक्रवार

गीस्के आली. हाबोची थोरली बहीण, चौऱ्याहत्तर वर्षांची. दर शुक्रवारी सायकल मारत चहाला येते, वारा समोरून असला तरी येते. आत आल्या आल्या तिने पडद्यांकडे पाहिलं. म्हणजे पडदे धुवायला हवेत.

पहिल्या कपाला म्हणाली, "अंक कधी काढतेस?"

"कोणता अंक?"

"कोणता म्हणजे! वारापेटीचा. दोनशे साठ माणसं वाट बघतायत."

"ती ऑर्गनवाली माणसं आहेत. त्यांना वाट बघायची सवय असते."

"टवाळी नको. हाबोने अठरा वर्षं तो अंक चालवला, एकदा खाडा नाही."

वारापेटी म्हणजे आमच्या भागातल्या ऑर्गनवेड्यांचं आठ पानी पत्र. वर्षातून चार अंक. नावाखाली बारीक अक्षरात 'बातम्या आणि विरंगुळा' असं छापतो. कुठल्या चर्चचा भाता फाटला, कुठे मोठ्या नळीत उंदराने घर केलं, कुणाकडे जुनी पट्टी विकायची आहे, आणि शेवटच्या पानावर कोडं. मजकूर हाबोचा. टंकणं, घडी घालणं, टाके मारणं, तिकिटं चिकटवणं माझं. मी पस्तीस वर्षं पोस्टात होते, तिकिटं मला चिकटवता येतात.

दुसऱ्या कपाला गीस्केने मूळ गोष्ट काढली. आमच्या चर्चमधल्या ऑर्गनच्या कठड्यावर पितळी पाटी लावायची. ईस्टरनंतरच्या पेंटेकॉस्ट सणाच्या सोमवारी, लोक जमतील तेव्हा. पास्टर बूरमांशी ती बोलूनही आली आहे. पाटीवर लिहायचं: हाबो उल्फर्ट्स यांनी एकतीस वर्षं हा ऑर्गन सुरात ठेवला.

"आणि अंकात पहिल्या पानावर लेख. तू लिहायचास. त्याच्याबरोबर तूच असायचीस ना बाकावर. एकतीस वर्षं, एकही सूर चुकला नाही, असं लिही."

मी बरं म्हटलं. बरं म्हणायला काही लागत नाही. तिसरा कप झाल्यावर तिने कपात चमचा ठेवला, म्हणजे पुरे, आणि गेली. साय उरली ती मी मांजराला दिली. मांजर शेजाऱ्यांचं आहे.

१२ जानेवारी, शनिवार

लेख लिहायला बसले. "हाबो उल्फर्ट्स" एवढं लिहिलं आणि टेबलाचा खालचा खण उघडला. त्यात गेर्डेस मास्तरांची तीन पत्रं आहेत.

ओन्नो गेर्डेस हे निवृत्त शाळामास्तर, कोडं तेच करतात. त्यांचे कान तिखट आणि जीभ त्याहून. पहिलं पत्र चार वर्षांपूर्वीचं, दुसरं पुढच्या वर्षीचं, तिसरं गेल्या वसंतातलं. तिन्हींत एकच तक्रार: आयल्सवेरच्या, म्हणजे आमच्या गावच्या, ऑर्गनच्या अगदी वरच्या बारीक नळ्या बेसूर झाल्या आहेत, ऐकताना दात आंबतात, सूर लावणाऱ्याने लक्ष द्यावं, पत्र छापावं.

टपाल मी फोडायची. ही पत्रं मी हाबोला दाखवलीच नाहीत. पहिल्या वेळी त्याच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं होतं. दुसऱ्या वेळी काय कारण होतं ते आठवत नाही. तिसऱ्या वेळी कारण लागलं नाही, सवय झाली होती.

लेख पुढे गेला नाही. पडदे धुतले.

१५ जानेवारी, मंगळवार

मंगळवार हा सूर लावायचा दिवस होता. या चर्चचा नसला तर शेजारच्या गावचा. आता मंगळवारी काय करायचं हे मला कुणी सांगितलेलं नाही.

या कामाला दोन माणसं लागतात, हे बाहेरच्यांना माहीत नसतं. एक जण ऑर्गनच्या पोटात फळीवर उभा राहतो, चारी बाजूंनी नळ्या. दुसरा बाहेर बाकावर बसून एकेक पट्टी दाबून धरतो. दोन नळ्या जुळत नसतील तर आवाज थरथरतो. आतला माणूस नळीच्या तोंडावर पितळी शंकू हळूच ठोकतो, थरथर मंद होत जाते, मग थांबते. मग तो आतून "पुढची!" म्हणतो आणि बाहेरचा पुढची पट्टी दाबतो. असं हजार वेळा. बाकावरच्याने बोलायचं नाही, हा नियम. बोललं की आतल्याच्या कानाची घडी मोडते. हाबोने लग्नाआधी सांगितलेली ही एकच अट.

शेगडी लावत नाहीत, कारण हवा तापली की नळ्यांचा सूर चढतो. चर्चमध्ये सहा अंश असतं. मी लोकरीचे दोन मोजे घालायची, तरी अकरापर्यंत पाय लाकूड व्हायचे.

शेवटच्या काही वर्षांत हाबो वरच्या पट्ट्यांना "पुढची" म्हणेनासा झाला. ठोकायचा, मग गप्प. मी थोडं थांबायची आणि आपणच पुढची पट्टी दाबायची. तोही काही म्हणायचा नाही. म्हातारपणी ओरडायचा कंटाळा आला असेल. काम मात्र भराभर व्हायचं, वरचं एक सप्तक अर्ध्या तासात. घरी येऊन कोबी-सॉसेज गरम करायला वेळ मिळायचा.

थरथर असायची का? असायची. मला अजून टॉवरमधली वटवाघळंसुद्धा ऐकू येतात. पण मी पोस्टातली बाई आणि तो जाणकार. वाटायचं, असेल तसंच असायला हवं.

पण मग पत्रं का लपवली, असं आत्ता वाटलं. चहा ठेवला.

२४ जानेवारी, गुरुवार

गेर्डेस मास्तरांचा फोन.

"उल्फर्ट्सबाई, कोडं तयार आहे. यंदा 'ओळखा पाहू'. चार ऑर्गनांची चार चित्रं. चौथ्यात ऑर्गनच्या कपाटावरचा देवदूत कोणत्या हातात तुतारी धरतो यावरून गाव ओळखायचं. अवघड आहे."

"फार अवघड."

"तुम्हाला येईल?"

"मला देवदूतांत गती नाही, मास्तर."

ते हसले. मग घसा खाकरून म्हणाले, "हाबो भला माणूस होता." मी होय म्हटलं. मग म्हणाले, "मी पूर्वी काही पत्रं पाठवली होती. ती आता राहू द्या. माणूस गेला, आता कशाला."

"बरं," म्हटलं.

त्यांनी असं म्हटल्यावर सुटल्यासारखं वाटायला हवं होतं. वाट पाहिली, तसं काही झालं नाही. बाहेर पोरंटोरं रस्त्यावर लाकडी चेंडू फेकायच्या शर्यतीला निघाली होती, मागे हातगाडीत दारूच्या बाटल्या. कुणीतरी चेंडू आमच्या खंदकात घालवला आणि बराच वेळ गळ टाकून शोधत बसले. मी खिडकीतून बघत होते. सापडला.

५ फेब्रुवारी, मंगळवार

पास्टर बूरमा आले. पायपुसण्यावर बराच वेळ बूट पुसले. एवढे बूट पुसले की काहीतरी मागायचं असतं.

चर्चच्या मंडळाने नवी सूर लावणारी नेमली आहे. वीब्के ताम्मेन, एकोणतीस वर्षांची, लेअरला ऑर्गनच्या कारखान्यात शिकलेली. पेंटेकॉस्टच्या आधी सगळा ऑर्गन नीट बघणार. तिला बाकावर कुणीतरी हवं.

"तुमच्याइतकी सवय कुणाला नाही," पास्टर म्हणाले. "पण जड जाणार असेल तर नाही म्हणा."

"जड काय त्यात? पट्टी हलकी असते."

ते गोंधळले. त्यांना धीर देण्यासाठी मी बिस्किटं काढली.

१९ फेब्रुवारी, मंगळवार

वीब्के ताम्मेन आली. उंच मुलगी, केस बॉयकट, हातमोज्यांची बोटं कापलेली. थर्मासमध्ये कॉफी. आमच्या चर्चमध्ये कॉफी! वास अजून नाकात आहे.

सकाळ बरी गेली. खालच्या जाड नळ्या सगळ्या जागच्या जागी. "छान ठेवलंय," ती आतून म्हणाली. "फारच छान. हे माझ्या गुरुजींना दाखवायला हवं." मला काहीतरी वाटलं असावं, कारण मी हातमोजे काढून पुन्हा घातले.

दुपारी वरच्या बारीक नळ्या. पहिली पट्टी दाबली. वीब्के ठोकेना. थोडा वेळ थांबून मी सवयीने पुढची दाबली.

"थांबा! मी म्हटलं का पुढची?"

मी परत आधीची दाबली. मग बराच वेळ ती एकेक नळी काढून उजेडात बघत होती, ते लाकडाच्या फटीतून दिसत होतं. शेवटी दाराशी आली. हातात करंगळीएवढी नळी. तिचं तोंड फुलासारखं फाटलेलं.

"हे बघा. कुणीतरी वर्षानुवर्षं ठोकलंय. उघडायचं, पुन्हा मिटायचं, पुन्हा उघडायचं. सूर लागलाच नाही तर हात थांबत नाही. अशा डझनभर तरी आहेत." मग तिचा चेहरा बदलला. "उल्फर्ट्सबाई, माफ करा. मी विसरलेच..."

"विसरायचं काय? तू त्याला ओळखत नव्हतीस."

"त्यांना वरचं ऐकू येत नसावं," ती हळू म्हणाली. "वयात सगळ्यांचंच होतं. माझंही होईल. पण मग बाकावरचा सांगतो." इथे ती थांबली. हुशार मुलगी आहे.

"बाकावरच्याने बोलायचं नसतं," मी म्हटलं.

"हो का?" ती म्हणाली. "आम्हाला तसं नाही शिकवलं."

२२ फेब्रुवारी, शुक्रवार

वीब्केचा अहवाल आला. एक प्रत मंडळाला, एक वारापेटीच्या संपादकांना, म्हणजे मला. दोन पानं. कुणाचं नाव नाही, दोष नाही. खालच्या आणि मधल्या नळ्यांची निगा उत्तम. वरच्या सप्तकात एकोणीस नळ्या निकामी, नव्याने कराव्या लागतील. बेसूर किती वर्षांपासून? "अंदाजे सहा."

गीस्के चहाला आली तेव्हा अहवाल टेबलावरच होता. मी त्यावर साखरेचं भांडं ठेवलं.

"लेख झाला?"

"होतोय."

"पाटीचं पितळ आणलंय. कोरणारा म्हणतो अक्षरं आधी नक्की करा, मग बदलता येणार नाहीत. एकतीस वर्षं हा ऑर्गन सुरात ठेवला. बरोबर ना?"

"गीस्के, 'सांभाळला' म्हटलं तर?"

"सांभाळायला ते काय मूल आहे? सुरात ठेवला. त्याचं तेच तर काम होतं." ती माझ्याकडे बघत राहिली. "तुझं काय चाललंय थेडा? रडत नाहीस, जेवत नाहीस, नुसती मान हलवतेस. लोक बोलतात."

"काय बोलतात?"

"चांगलंच बोलतात. किती धीराची म्हणतात."

धीराची. मी खडीसाखरेचा खडा दातांत फोडला. अहवाल अंकात छापला तर पाटी लागत नाही. नाही छापला तर लागते, आणि ऑर्गन वाजला की दर रविवारी जो तो वर त्या पाटीकडे बघणार. हाबोच्या नावाचं काय करायचं ते आता माझ्या हातात आहे. माझे हात तिकिटं चिकटवायला बरे आहेत.

२६ फेब्रुवारी, मंगळवार

आज जे झालं ते नीट लिहिते.

दहाच्या सुमाराला वीब्केने आतून हाक मारली. "उल्फर्ट्सबाई, जरा आत या. हे तुम्हीच बघायला हवं."

मी म्हटलं, मी आत कधी गेले नाही. तिला खरं वाटेना. पण खरंच आहे. हाबो आत असला की मी पट्ट्यांवर हवी, आणि हाबो आत नसला की मी तिथे कशाला जाऊ? एकतीस वर्षांत त्या दारातून मी वाकूनही पाहिलं नव्हतं. आडवी होऊन शिरले. लाकडाचा आणि जुन्या मेणाचा वास. हाबोच्या कोटाला यायचा तोच.

ऑर्गनच्या दाराच्या आतल्या अंगाला सूर लावणारे पेन्सिलीने लिहून ठेवतात. तारीख, हवा कशी होती, पट्ट्यांवर कोण होतं. जुन्या काळापासूनची पद्धत. हे मी ऐकून होते, आमच्या अंकात अशा लिखाणांवर लेखही आले आहेत, मीच टंकले. पण आमच्या दारावर काय आहे हे कधी विचारलं नव्हतं.

वर परक्या लोकांची नावं, दोनशे वर्षांपूर्वीची. खाली हाबोचं तिरकं अक्षर. वीब्के विजेरी धरून उभी राहिली.

"ऑक्टोबर १९८१. पाऊस. पट्ट्यांवर थेडा. नवी आहे, पण बोलत नाही."

"मे १९९०. ऊन. पट्ट्यांवर थेडा. सर्दीने शिंकली, पुन्हा सुरुवात."

"मार्च २००२. वादळ. थेडा. हिच्याशिवाय जमणार नाही."

मग २००७, एप्रिल. "वरचं सप्तक मला ऐकू येत नाही. थेडाला येतं. मी ठोकत राहतो, ती पुढे गेली म्हणजे लागलं. तिला सांगितलं नाही, नाहीतर घाबरून चुकेल."

त्याच्याखाली दर वर्षी एकच ओळ. "वरचं थेडाच्या कानांवर." सगळ्यांत शेवटी, ऑक्टोबर २०१२: "कोरडी थंडी. वरचं थेडाच्या कानांवर. सगळं लागलं."

दोनदा वाचलं. वीब्केने विचारलं, बरं आहे ना तुम्हाला? मी म्हटलं, इथे धूळ फार आहे.

मग बाहेर येऊन बाकावर बसले आणि तिला विचारलं, "एका नळीला किती वेळ लागतो?"

"लागेल तेवढा."

"पाय गार पडले तर?"

ती हसली. "पाय गार पडले तर पडले, उल्फर्ट्सबाई."

तो माझ्या कानांवर उभा होता आणि मी मोज्यांवर बसले होते. मी पुढे जायची ते पाय लाकूड झाले म्हणून, कोबी गरम करायचा म्हणून. आणि तो आत फळीवर समजायचा, लागलं.

उरलेल्या चांगल्या नळ्या आज लावल्या. मी बोलले. "नाही. अजून थरथरतंय. अजून. अजून थोडं. आता." दुपारी तीनपर्यंत. वीब्के म्हणाली, तुमचे कान माझ्यापेक्षा बरे आहेत.

घरी आल्यावर दोन अंडी उकडली. खाल्ली. आता इथे लिहायला काही राहिलं नाही.

१ मार्च, शुक्रवार

गीस्केला फोन करून कळवलं, सर्दी झाली आहे, येऊ नकोस. सर्दी झालेली नाही.

९ मार्च, शनिवार

पहिल्या पानाचा मजकूर लिहिला. तीन वेळा लिहिला, तिन्ही वेळा लहान होत गेला. आता असा आहे:

"बातम्या. आयल्सवेर. आमच्या ऑर्गनच्या सर्वांत वरच्या सप्तकातल्या नळ्या सहा वर्षं बेसूर होत्या. आत उभ्या असलेल्या माणसाला त्या ऐकू येत नव्हत्या. बाहेर बाकावर बसलेल्या बाईला ऐकू येत होत्या. तो तिच्यावर विसंबून होता. ती बोलली नाही, आणि थंडी वाजली की पुढची पट्टी दाबत गेली. याबद्दल आलेली तीन पत्रंही तिने दाबून ठेवली. ती पान तीनवर दिली आहेत. एकोणीस नळ्या नव्याने कराव्या लागतील. आत उभा असलेला माणूस हाबो उल्फर्ट्स. बाकावरची बाई खाली सही करणारी. थेडा उल्फर्ट्स, संपादक."

दुसऱ्या पानावर दोन भात्यांच्या बातम्या आणि एका गावच्या लग्नाची. तिथे भात्याची मोटर बंद पडली आणि नवऱ्याच्या काकाने जुना दांडा पायाने तुडवत वधूला वेदीपर्यंत पोचवलं. लोकांना आवडेल. शेवटी कोडं.

हाबोला हे आवडलं असतं का, ते मला सांगता येत नाही. भात्याची बातमी आवडली असती.

२२ मार्च, शुक्रवार

दोनशे साठ अंक टपालात टाकले. पोस्टातली नवी मुलगी म्हणाली, काकू, तिकिटं किती सरळ लावता. गीस्केचा अंक मी सगळ्यांत वर ठेवला होता, मग मधे सरकवला.

पेटीत सोडल्यावर परत काढता येत नाहीत. हे मला पस्तीस वर्षं माहीत आहे. तरी पाच मिनिटं तिथेच उभी राहिले.

२ एप्रिल, मंगळवार

ईस्टर गेला. पत्रं यायला लागली. रोज पेटीशी जाताना भीती वाटत होती. हे बरंच म्हणायचं, काहीतरी वाटलं.

आजवर तेवीस पत्रं. सगळी फोडली. तेवीसच्या तेवीस कोड्याबद्दल आहेत.

मी चौथं चित्र उलटं छापलं. देवदूताची तुतारी उजव्या हातात दिसते, खरी डाव्या हातात आहे. दोघांनी फोटो जोडून पाठवले. एकाने दोन्ही देवदूत शेजारी शेजारी काढून मापं दिली. एक बाई लिहितात, गेली चाळीस वर्षं त्या देवदूताखाली बसून प्रार्थना करते, अशी चूक वारापेटीकडून अपेक्षित नव्हती. पहिल्या पानाबद्दल एक अक्षर नाही. फक्त एकाने शेवटी लिहिलं आहे: "आपण ज्या धीराने हा अंक काढला त्याचं कौतुक."

गेर्डेस मास्तरांचाही फोन आला. म्हणाले, "तुतारी, उल्फर्ट्सबाई."

"हो मास्तर. आणि पहिलं पान?"

"ते..." मास्तर म्हणाले. "तुम्ही स्वतःला फार लावून घेता. दुःखात माणूस असं लिहितो. कुणी मनावर घेतलेलं नाही."

कुणी मनावर घेतलेलं नाही. पास्टर रस्त्यात भेटले, माझा हात दोन्ही हातांत धरला आणि हवेबद्दल बोलले. वीब्केने एक कार्ड पाठवलं, त्यावर मेंढी. मला कुणीतरी दारातून हाकलून द्यावं असं वाटत होतं आणि सगळे मला खुर्ची देत आहेत.

५ एप्रिल, शुक्रवार

गीस्के आली. गेल्या शुक्रवारी आली नव्हती. सायकल भिंतीला टेकवली नाही, आडवी टाकली. डोक्याचा रुमालही काढला नाही.

मी चहा ओतला. तिने कपाला हात लावला नाही. अंक तिच्या पिशवीत होता, घड्या पडून मऊ झालेला. तिने तो टेबलावर आपटला.

"हे खरं आहे?"

"खरं आहे."

"तुला ऐकू येत होतं."

"हो."

"सहा वर्षं?"

"हो."

मग ती उठून उभी राहिली. चौऱ्याहत्तर वर्षांची बाई, आवाज असा की मांजर खिडकीतून पळालं. "माझा भाऊ! मोडक्या गुडघ्यांनी त्या फळीवर उभा, आंधळ्यासारखा ठोकतोय, आणि तू बाहेर बसून ऐकतेस आणि गप्प! एक शब्द, थेडा! एक 'नाही' म्हणायला काय झालं होतं तुला? दातखीळ बसली होती? पाय गार पडले म्हणे! अगं माझ्या भावाचं अख्खं आयुष्य होतं ते, तुझे पाय गार पडले म्हणून घालवलंस तू! तुझ्यावर विसंबला मूर्ख माणूस! आणि वर तेच छापतेस, दोनशे साठ लोकांना वाटतेस! कसली बायको गं तू? सांग ना, कसली बायको?"

मला वाटलं मी उत्तर देणार. तोंड उघडलं आणि त्यातून जो आवाज निघाला तो माझा नव्हता. कपाळ टेबलावर टेकलं. दुखत होतं, छातीत, पोटात, हाडांत, सगळीकडे एकदम. हाबो गेला. हाबो गेला आहे. तो आत माझी वाट बघत उभा होता आणि आता तिथे कुणी नाही.

गीस्के एकदम थांबली. तिचा हात माझ्या डोक्यावर आला. "अगं थेडा," ती वेगळ्याच आवाजात म्हणाली, "अगं, मी आपली रागाच्या भरात..."

मी तिचा हात डोक्यावरून काढला आणि घट्ट धरला.

"नको," म्हटलं. "थांबू नकोस गीस्के. बोल. आणखी बोल."

ती माझ्याकडे बघत राहिली. मग खाली बसली, रुमाल सोडला आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली. चहा गार होऊन सायीचा थर धरेपर्यंत ती मला बोलत होती, रडत होती आणि बोलत होती, आणि मी सगळं ऐकलं.